नव्या वाणाचा वेग आणि जालन्याचा हंगाम

१/ एखादे तंत्र जितक्या झपाट्याने सुधारेल तितक्या झपाट्याने लोक ते स्वीकारतील, असा समज सर्वत्र रूढ आहे. जालना जिल्ह्यातील बियाण्यांचा साठ वर्षांचा इतिहास या समजाला छेद देतो. त्याच इतिहासावर हा थ्रेड.

२/ ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुन्या व्यापारी पेठेची. बियाण्याची ओळख त्यानंतरची. बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ केला आणि १९६४ मध्ये ‘महिको’ स्थापन केली. त्याच वर्षी सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी देशात प्रसारित झाली. १९६५ मध्ये एच.बी.-१ ही संकरित बाजरी आली. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

३/ तोवर शेतकरी उत्तम कणसे निवडून घरचेच बियाणे राखीत असे. संकरित वाणाचे तसे नसते. दोन भिन्न वाणांच्या संकरातून आलेला जोम पुढच्या पिढीत टिकत नाही, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्यामुळे शेतकरी दर जूनमध्ये नव्याने निर्णय घेऊ लागला. विहिरीवरचे इंजिन एकदा घेतले की दहा-पंधरा वर्षे बदलता येत नाही. वाण मात्र पुढच्याच हंगामात सोडता येतो.

४/ अर्थशास्त्रज्ञ नॅथन रोझेनबर्ग यांनी १९७६ मध्ये एक मार्मिक मुद्दा मांडला : उद्या याहून चांगले यंत्र येणार अशी खात्री असेल, तर शहाणा ग्राहक आज खरेदी लांबवतो. म्हणजे सुधारणेचा वेगच स्वीकार मंदावू शकतो. अशा थांबण्याला अज्ञान म्हणता येत नाही.

५/ बियाण्याच्या बाबतीत शेतकऱ्यांनी याहून चतुर वाट काढली : थोड्या क्षेत्रावर पेरून पाहणे. अमेरिकेतील आयोवात संकरित मका अशीच पसरली. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रायन आणि ग्रॉस यांच्या अभ्यासातील २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी १९४१ पर्यंत ती स्वीकारली होती. परंतु बहुतेकांनी आधी लहानशा तुकड्यावर तिची परीक्षा घेतली होती.

६/ मराठवाड्यात हीच परीक्षा ज्वारीची झाली. खरिपातील संकरित ज्वारीचे उत्पन्न भरघोस. पण ताटे बुटकी, म्हणून कडबा कमी. ती लवकर पक्व होई, त्यामुळे कणसे परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडे. भाकरीलाही शाळूची चव नव्हती. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठी बोलीत ‘बेचव’ या अर्थाने रुजला तो यातूनच.

७/ तरीही खरिपात हायब्रीड ज्वारी टिकली. रब्बीत मात्र मालदांडी हलली नाही. जमिनीतील ओलीवर येणारा तिचा दाणा आणि कडबा यांना संकरित वाण पुरे पडले नाहीत. त्याच शिवारातील तोच शेतकरी एका हंगामात नवे घेतो आणि दुसऱ्या हंगामात नाकारतो. याला मागासलेपण कसे म्हणावे?

८/ या निवडीला अवधी मिळाला होता. १९६४ नंतर सी.एस.एच.-५ आले ते सत्तरच्या दशकात, सी.एस.एच.-९ ऐंशीच्या दशकाच्या आरंभी. दोन वाणांच्या मध्ये पुष्कळ हंगाम होते : एक पावसाचा, एक दुष्काळाचा, एक किडीचा. बांधावरची चर्चा पूर्ण व्हायला तेवढा काळ लागतोच.

९/ मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला केंद्राची मान्यता मिळाली. आरंभी महिकोचे तीनच वाण होते आणि ४५० ग्रॅमच्या पिशवीची किंमत सुमारे १,६०० रुपये होती. २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने पहिल्या पिढीच्या बीटीचा दर ७५० रुपयांवर आणला, पुढे इतर राज्यांतही दर उतरले. त्याच वर्षी दुसरी पिढी बाजारात आली. एका दशकात देशातील बहुतांश कापूस बीटी झाला आणि वाणांची संख्या शेकड्यांनी वाढली.

१०/ वारंगळ जिल्ह्यात अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की तेथे बियाण्यांच्या लाटा येत आणि ओसरत. वाणाची पारख होण्याआधीच नवे नाव येई. मग शेजाऱ्याने काय घेतले यावरच निवड होई.

११/ यातील खरी विसंगती पुढे आहे. २००६ नंतर कापसात बोंडअळीविरुद्धचे नवे जनुक मोठ्या प्रमाणावर लागवडीत आले नाही. पिशवीवरची नावे बदलत राहिली, बोंडअळीविरुद्धचे हत्यार तेच राहिले. अळी मात्र बदलली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भातील कापूस पोखरला, तेव्हा पिशवीवरचे नवे नाव कामी आले नाही.

१२/ यावर आक्षेप येईल की बीटीमुळे आरंभी फवारण्या घटल्या आणि अनेक वाणांमुळे निवडीला वाव मिळाला. पहिली गोष्ट खरी आहे. पण निवड तुलनेवाचून होत नाही, आणि तुलनेला हंगाम लागतात. तालुकानिहाय चाचणीचे निकाल जूनपूर्वी कृषी सेवा केंद्राच्या दारावर लागले, तर शेकडो नावांतूनही वाट सापडेल. तोवर ते विपुलतेच्या वेषातील अंधारच आहेत.

१३/ तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘लोकांनी नवे किती उशिरा स्वीकारले?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. जालन्याच्या शिवारातून त्याला जोडप्रश्न येतो : पारखायला त्यांना किती हंगाम मिळाले? मालदांडी राखणाऱ्याला ते मिळाले होते. कापूस पेरणाऱ्याला मिळाले नाहीत, आणि त्याची किंमत त्यानेच मोजली.