बाळ शांत बसले, पण…

भगिनींनो, भाकऱ्या उरकेपर्यंत बाळाने त्रास देऊ नये म्हणून आपण त्याच्या हाती मोबाईल देतो. बाळ खरेच शांत बसते. पण वाढत्या अंगाला हे बसणेच महागात पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या चोवीस तासांविषयी सूचना दिल्या. रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी, आपल्या नजरेसमोर, दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटे पालथे खेळू द्यावे. त्याने मान व खांदे बळकट होतात. झोपवताना मात्र उताणेच झोपवावे. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. तिसऱ्या वर्षानंतर त्यातली ६० मिनिटे धावण्या-उड्या मारण्याची असावीत. दोन वर्षांपर्यंत मोबाईल-टीव्ही नकोच. पुढे दिवसात एक तासाहून जास्त नको.

दुपारची धरून एक-दोन वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३ तास झोप हवी. अब्बा रात्री उशिरा येतात म्हणून बाळाला जागे ठेवले, तर ही झोप तुटते. त्यापेक्षा अब्बांनी सकाळचा अर्धा तास बाळाला द्यावा.

आणि भाकऱ्यांच्या वेळी? चुलीपासून दूर चटई अंथरा, दोन वाट्या आणि एक रिकामा डबा द्या, दादीला जवळ बसवा. आवाज होईल. होऊ द्या!