घराचा उंबरठा आणि कायद्याची मर्यादा



पंचशील घेतलेल्या माणसाने, रात्री दार फोडून कोणी घरात शिरला, तर हात जोडून उभे राहावे काय? नवदीक्षित कुटुंबांतून हा प्रश्न मला पुष्कळदा विचारण्यात येतो. विचारणाऱ्याच्या मनात दोन भये असतात: एक शीलभंगाचे आणि दुसरे तुरुंगाचे. माझ्या मते दोहोंचे उत्तर एकच आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा म्हणजे दुर्बळाची शरणागती, असा अर्थ त्यांनी केला नाही. आश्चर्य असे की, १८६० च्या भारतीय दंड संहितेने हाच भेद आपल्या रुक्ष भाषेत केला होता. आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेने कलम ३४ ते ४४ मध्ये तो कायम ठेवला आहे.

यांतील कलम ४१ प्रत्येक घरात ठाऊक असावे. मालमत्तेचे रक्षण करताना हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा ठरत नाही, असे प्रसंग ते चारच सांगते. जबरी चोरी हा एक. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी हा दुसरा. राहत्या घराला आग लावणे किंवा स्फोटकाने ते उद्ध्वस्त करणे हा तिसरा. आणि मृत्यू किंवा जबर दुखापत होईल, अशी रास्त भीती वाटावी अशा परिस्थितीतील चोरी, नासधूस वा गृहप्रवेश हा चौथा. शरीराच्या रक्षणाचा हक्क कलम ३८ मध्ये वेगळा दिला आहे. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला यांच्या प्रतिकाराचा समावेश त्यात होतो. आपल्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

गावाबाहेरच्या वस्तीला तिसऱ्या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पेटता बोळा छपरावर पडत असता चौकीची वाट पाहत बसा, असे कायदा म्हणत नाही. सरकारी यंत्रणेचे साह्य घेण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाही, हे कलम ३७ चे बंधन खरे; परंतु अवसर खरोखर असावा लागतो. भेदरलेल्या माणसाने त्या क्षणी मारलेला प्रत्येक घाव सोन्याच्या तराजूत तोलू नये, असेच न्यायालयांचे धोरण आहे.

मात्र हक्क संकटाबरोबर जन्मतो आणि संकटाबरोबरच संपतो. आमची माणसे फसतात ती येथेच. चोर गाठोडे टाकून पळत सुटला, आणि चौघांनी त्याला पांदीत गाठून डोक्यात काठी घातली, तर तो बचाव नव्हे. १९६२ साली पंजाबातील एका जमिनीच्या तंट्यात न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या निकालात हेच ठरले: चालून आलेला जमाव पळू लागल्यावर झाडलेल्या गोळ्या संरक्षणात मोडत नाहीत. पकडून खांबाला बांधलेल्या चोराला मारणे तर उघड गुन्हाच. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी संतप्त अनुयायांना सूडापासून आवरले. हल्लेखोरांना शिक्षा झाली ती न्यायालयात.

कुंपणाला विजेची तार जोडणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. बिहारात एका गृहस्थाने परक्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून उघडी जिवंत तार लावली. स्वतःच्या संडासाची भिंत पडल्यामुळे तेथे येणारी शेजारीण तिला लागून मेली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. विनापरवाना आत येणारा माणूस कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही. विजेला चोर आणि लेकरू यांतला फरक कळत नाही, हे मी आणखी काय सांगावे!

सद्भावनेने बचाव करताना मर्यादा ओलांडली गेली आणि मनुष्य मेला, तर कलम १०१ च्या अपवादानुसार तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. पण त्यालाही शिक्षा आहेच.

बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. तो सरकारपक्षाइतका जड नसतो. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे, एवढे दाखविले तरी पुरते. म्हणून फुटलेले दार दुरुस्त करू नका, राख झाडू नका. पंचनामा होऊ द्या. ११२ वर कळवा, आणि विरुद्ध बाजूची फिर्याद नोंदली जाण्यापूर्वी आपली खबर द्या. जखमा डॉक्टरांना दाखवून कागद घ्या. घडले तेच सांगा. आपण काठी मारली असेल तर तेही सांगा. नाकारलेला घाव पुढे बचावाच्या आड येतो.

अनुसूचित जातीच्या व्यक्तीचे राहते घर जातीबाहेरच्या माणसाने जाळल्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये जन्मठेप सांगितली आहे. 'तुम्ही आता बौद्ध झालात, हा कायदा तुम्हांला नाही,' असे ठाण्यावर कोणी म्हटल्यास, १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे, हे त्याच्या नजरेस आणा. जातीचा दाखला घरात तयार असावा. वकिलाच्या फीची चिंता नको: १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे करावा.