तारे नकोत, इशारा हवा

चिप्सच्या पाकिटावर तारे छापले, तर दुकानात हट्ट धरून बसलेले मूल ते पाकीट खाली ठेवील की आणखी एक मागेल? याचे उत्तर द्यायला आहारतज्ज्ञ लागत नाही. तरीही भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये जो मसुदा काढला, तो ताऱ्यांचाच होता. पाकिटाच्या दर्शनी भागावर अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे. शून्य तारा नाहीच. निकृष्टातल्या निकृष्ट मालालाही अर्ध्या ताऱ्याचे पारितोषिक ठरलेले.

खरी मेख हिशेबात आहे. साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांचे दोषांक मोजायचे आणि त्यांतून तंतुमय घटक, प्रथिने, फळे, सुकामेवा यांचे गुण वजा करायचे. म्हणजे बिस्किटात थोडा कोंडा मिसळला की साखर होती तेवढीच राहते, तारे मात्र वाढू शकतात. आपल्या स्वादुपिंडाला ही वजाबाकी कोणी शिकवलेली नाही.

यावर उद्योगांचे ठरलेले उत्तर असे, की काय खावे ही ज्याची त्याची निवड. ही निवड किती स्वतंत्र असते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील २०१९ च्या प्रयोगाने दाखवले. वीस प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न दिले आणि दोन आठवडे साधे. ताटात वाढलेले उष्मांक, साखर, मेद, मीठ सारखेच. हवे तेवढे खाण्याची मुभाही सारखीच. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसे रोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खात होती! प्रयोग लहान होता, अल्पकाळाचा होता, हे मान्य. पण मनोनिग्रहाच्या प्रवचनातली हवा काढायला तो पुरेसा आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्याला एकटा पाकीटबंद खाऊ कारणीभूत नाही. पांढऱ्या भाताचा आणि बैठ्या जगण्याचाही त्यात वाटा आहे. म्हणून पाकिटाला मोकळे सोडायचे का?

चिलीने २०१६ पासून वेगळा मार्ग धरला. साखर, मीठ, मेद किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असतील, तर पाकिटावर काळा अष्टकोन; अशा पदार्थांच्या मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांतील विक्रीवर बंदी. हा कायदा आल्यावर इशारा लागू होणाऱ्या गोड पेयांची खरेदी जवळजवळ २४ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दर्शनी लेबलाबाबत शिफारशी करण्यास तीन महिन्यांची मुदत दिली. ती सरली आणि वाढवूनही घेतली गेली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की लेबल वाचून अन्न निवडा. सल्ला योग्यच. पण नियमानुसार मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरे. बाकीच्या भाषा उत्पादकाच्या मर्जीवर. कोरापुटच्या किंवा नंदुरबारच्या बाजारात पाच रुपयांचे पाकीट विकत घेणाऱ्या आईने मागच्या बाजूचा तो मुंगीएवढा तक्ता कसा वाचायचा? तिला हवे आहे पुढच्या बाजूचे ठसठशीत काळे चिन्ह, अक्षरओळख नसली तरी कळेल असे. आणि त्याखाली तिच्या भाषेतले दोनच शब्द: साखर जास्त.