कॉटचं भाडं आणि रजिस्टरातली जात

माझा एक जुना विद्यार्थी यंदा पुण्यात एम.एस्सी. करतोय. अब्बू गावात फळांची गाडी लावतात. विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. नाव ऐकून दोन घरमालकांनी "कळवतो" म्हटलं, ते आजवर कळवतायत. शेवटी कोंढव्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली. कॉटचे ४ हजार, मेसचे ३ हजार. म्हणजे वर्षाला ८४ हजार. बसभाडं आणि पुस्तकं वेगळीच. आता तो संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहितो आणि सकाळच्या तासाला डुलक्या घेतो.

सरकारची मदत नाही असं नाही. अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना आहे, पण १९५० च्या आदेशामुळे त्या यादीत मुस्लिम येत नाहीत. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी मात्र ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना २०२३ मध्ये आली. तिथे धर्माची अट नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी ही आपलीच घरं ओबीसी यादीत आहेत. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला वर्षाला ६० हजार: जेवणाचे ३२, राहण्याचे २०, निर्वाहाचे ८. राहण्याचे २० हजार म्हणजे महिन्याला १६६७ रुपये. एवढ्यात पुण्यात कॉट मिळत नाही, हे खरंच. ती रक्कम वाढलीच पाहिजे. पण ६० हजार मिळाले असते तर या मुलाची नोकरी सुटली असती.

मग अर्ज का नाही केला? जातीचा दाखलाच नव्हता. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. दादांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं. अशा नोंदी मी शाळेत रोज बघतो. त्या काळी कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. त्याची किंमत आज नातू भरतोय.

म्हणून पालकांना हात जोडून सांगणं आहे, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. मूल आठवी-नववीत असतानाच कागद शोधा. दादांच्या नोंदीत जात नसेल तर त्यांच्या भावांच्या, चुलत्यांच्या नोंदी काढा, तहसीलमध्ये जुनं कोतवाल बुक बघा, खरेदीखतं चाळा. जिल्ह्याला ६०० च जागा आहेत, त्यामुळे उशीर परवडणारा नाही.

आणि जमातीच्या जिम्मेदारांनाही एक अर्ज. योजनेचे पैसे अर्ज मंजूर झाल्यावर येतात, डिपॉझिट मात्र पहिल्या दिवशी मोजावं लागतं. तेवढी रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून देता येईल. डिपॉझिट बुडत नाही, खोली सोडताना परत मिळतं. तेच पैसे पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या, मुलीच्या कामी येतील.