पक्क्या प्लास्टरचं कच्चं बिल

आटपाडीच्या ग्रामीण रुग्णालयात मोडलेला हात प्लास्टरमध्ये घातला, तर पैसे पडत नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण हाड जागचं सरकलेलं असलं किंवा हाडांचे डॉक्टर त्या वेळी हजर नसले, की माणूस खासगी दवाखाना धरतो. विटा, पंढरपूर, नाहीतर थेट सांगली-मिरज गाठतो. परतताना हातात जे बिल पडतं त्यावर बहुधा दोनच शब्द असतात, 'प्लास्टर चार्जेस', आणि खाली एक गोळाबेरीज आकडा.

या आकड्यात काय काय आलं, हे विचारायचं कसं तेच पेशंटला ठाऊक नसतं. प्लास्टर कच्चं की पक्कं? कोपराच्या खाली की वर? साधं पीओपी की फायबर? चार इंची रोल किती लागले, सहा इंची किती? आतला कापूस, वरची क्रेप, गळ्यातली झोळी, बांधणाऱ्याचं शुल्क, सहा आठवड्यांनी कापायचं शुल्क? पीओपी आणि फायबरच्या किमतीत मोठं अंतर आहे. बिलात ते दिसत नसेल, तर दोन दवाखान्यांच्या दरांची तुलना करणार कशी?

अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात प्लास्टरच्या साहित्याला स्वतंत्र कोड आहेत. प्रौढ माणसाच्या कोपराखालच्या हाताला साधं प्लास्टर असेल तर क्यू 4009, फायबर असेल तर क्यू 4010. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला तेच घातलं तर 4011 आणि 4012. साहित्य कोणतं, अवयव कोणता, मूल की मोठा माणूस, सगळं एका आकड्यात येतं. बांधण्याचं शुल्क वेगळं. एवढं करूनही तिथले उपचार स्वस्त झालेले नाहीत. कोडमुळे दर उतरत नाही, तो फक्त उघडा पडतो. उघड्या दरावर मात्र हरकत घेता येते.

आपल्याकडे उलट गत आहे. दर लावण्याचा नियम आहे, पण बिलातल्या ओळी समान नाहीत. महाराष्ट्रानं जानेवारी 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. 1 एप्रिल 2020 पासून वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आल्यानं त्यांची छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पण ती किंमत मुळात किती छापायची, यावर बहुतेक वस्तूंना मर्यादा नाही. म्हणून रोल कितीचा हे बिलात स्वतंत्र दिसलंच पाहिजे.

विमा असलेल्यांची अडचण आणखी वेगळी. विमा नियामकाच्या यादीत क्रेप बँडेज, झोळी आणि स्प्लिंट या वस्तू ऐच्छिक गटात आहेत. पॉलिसीत नसतील तर कंपनी त्यांचे पैसे नाकारू शकते. कापूस आणि गॉझ मात्र प्रक्रियेच्या शुल्कातच धरायचे, ते वेगळे लावायचे नाहीत. बिलात नुसतं 'सर्जिकल साहित्य' लिहिलेलं असेल, तर कंपनीनं काय कापलं आणि दवाखान्यानं काय दोनदा लावलं, हे कळायला मार्ग उरत नाही. महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रियेला पॅकेज आणि कोड आहेत, पण भरती न होता घातलेलं साधं प्लास्टर त्यात सहसा बसत नाही. माणदेशात रोजानं जाणाऱ्याला, डाळिंबाच्या बागेत राबणाऱ्याला नेमका हाच खर्च पदरचा करावा लागतो, आणि वर सहा आठवडे हात बांधलेला असल्यानं मजुरी बुडते ती वेगळीच.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्लास्टरच्या बिलात पाच ओळी असाव्यात: प्रकार आणि अवयव, साहित्य, रोलची संख्या व माप, बांधण्याचं शुल्क, काढण्याचं शुल्क. राज्यानं या ओळींना एकसारखे कोड द्यावेत आणि दरपत्रकावर तेच कोड छापायला लावावेत. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. ग्रामीण भागातल्या शुश्रूषागृहांची नोंदणी ज्यांच्याकडे असते, त्या अधिकाऱ्यांनी सांगलीत निदान पाच ओळींचा नमुना सर्व दवाखान्यांना पाठवावा. प्रामाणिक डॉक्टरांना यात तोटा नाही. गोल आकड्यामुळे त्यांच्यावरही उगाच संशय येतो. आणि वाचकांनी एवढं करावं: पैसे भरण्याआधी रोल किती लागले ते विचारावं आणि पक्कं, तपशीलवार बिल मागून घ्यावं. ते मागणं आपला हक्क आहे, त्यात संकोच नको.