एका पेराचं अंतर

माझ्या सहीला आयुष्यात किंमत अशी फार थोड्या वेळा आली. मास्तरकीत होतो तोवर ती पोरांच्या प्रगतिपुस्तकावर असे आणि तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. सगळ्यांचे डोळे वरच्या तांबड्या आकड्यांवर. निवृत्त झालो आणि बारामतीत ‘पेन्शनवाला जामीनदार’ म्हणून माझी सही एकदम सोन्याच्या भावाने चालू लागली. त्यामुळे इंदापूरचा भाचा परवा सकाळीच पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं, की भानगड कर्जाची आहे.

“मामा, गाडी घ्यायचीय. फोर बाय फोर.”

“कशाला?”

बिचाऱ्याने सगळा अभ्यास ‘कोणती?’ या प्रश्नाचा केला होता. ‘कशाला?’ हा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा होता. त्याने तो ऑप्शनला टाकला आणि मोबाइल उघडून माझ्यापुढे भलामोठा तक्ता धरला. थार, जिम्नी, गुरखा अशी तीन स्थळं त्यात पत्रिकेसकट मांडलेली. जमिनीपासून पोटाची उंची : थार 226 मिलिमीटर, जिम्नी 210, गुरखा 233. पाण्यात उतरायची तयारी : थार 650 मिलिमीटर, गुरखा 700.

मी फूटपट्टी काढली. (मास्तर निवृत्त होतो, फूटपट्टी होत नाही.) सगळ्यांत उंच पोट आणि सगळ्यांत ठेंगणं पोट यांत फरक भरला 23 मिलिमीटरचा. म्हणजे माझ्या अंगठ्याचं एक पेर! या एका पेरावरून इंदापूर तालुक्यातली तरणीताठी पोरं पारावर रात्री बारा बारापर्यंत हमरीतुमरीवर येतात.

पण मी मास्तर. पेपर न तपासता नापास करत नाही. तेव्हा तिन्ही पोरांचे गुण रीतसर दिले. जिम्नी 2023 साली पाच दारं घेऊन आली. वजन बाराशे किलोच्या आसपास, म्हणून मऊ जमिनीत ती कमी रुतते. अंगानं मात्र किरकोळ, आणि डिझेल नाही. थार अंगापिंडाने भारी, डिझेलची, रुबाबदार. पण तीन दारांच्या थारमध्ये मागच्या सीटवर आमच्या ताईला बसवणं म्हणजे देवघरातल्या कोनाड्यात कपाट सरकवणं. तिच्यासाठी 2024 साली रॉक्स नावाची पाचदारी थार आली. गुरखा आपल्या आकुर्डीच्या कंपनीची. तिला पुढच्या आणि मागच्या, दोन्ही जोडचाकांना कुलूप घालता येतं. हे कुलूप म्हणजे काय, तर एक चाक चिखलात नुसतंच गरागरा फिरायला लागलं, की साधी गाडी इंजिनाची सगळी ताकद त्याच रिकामटेकड्या चाकावर उधळते. कित्येक कचेऱ्यांतून बढत्या अशाच मिळतात. कुलूप घातलं की काम करणाऱ्या चाकालाही वाटा मिळतो. तेव्हा खरोखरच रस्ता नसेल तिथे माझा पहिला नंबर गुरखाचा, एकट्यादुकट्याला जिम्नी, आणि मिरवायला थार.

“मग थारच!” भाचा म्हणाला.

त्याच्या मनातली थार कोणती, तेही हळूहळू बाहेर आलं. 2023च्या जानेवारीत थारची एक स्वस्त आवृत्ती आली, तिच्यात जोर फक्त मागच्या दोन चाकांना. बाहेरून तोच थाट. “बघणाऱ्याला कळत न्हाई, मामा.” म्हणजे डोंगर चढण्यासाठी जन्मलेली गाडी घ्यायची, डोंगर चढण्याचं यंत्र तेवढं काढून! याला आमच्या काळी सोंग म्हणत.

आता सांगा, मंडळी, या भागात डोंगर आहे कुठे? 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली तेव्हा देशात रस्ते नव्हते, म्हणून जीप हवी होती. आज भिगवण-इंदापूरवरून सोलापूरचा हमरस्ता जातो. तुकोबांची पालखी काटेवाडीला मेंढ्यांचं आणि बेलवाडीला अश्वाचं रिंगण पाहत ज्या वाटेने जाते, ती वाट आता राष्ट्रीय महामार्ग झाली आहे. त्यावरून तुकोबांचा रथ अजून बैल ओढतात आणि दरसाल वेळेवर पंढरपुरी पोचतात. त्यांच्या खुरांना कुलूप नाही.

“आणि वस्तीवरचा रस्ता?” भाच्याने हुकमाचं पान टाकलं.

इथे मला गप्प बसावं लागलं, कारण मुद्दा खरा होता. डांबरीपासून दाजींच्या वस्तीपर्यंत अर्धा मैल पाणंद आहे. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल. मागच्या आषाढात पुण्याचे एक पाहुणे आपली फोर बाय फोर घेऊन तिथे शिरले. काळी माती टायरच्या खाचांत अशी भरली, की टायरांचे गुळगुळीत लाडू झाले. आधी दोन चाकं जागच्या जागी फिरत होती, मग पाहुण्यांनी बटण दाबलं आणि चारही फिरू लागली. गाडी ओढून काढली दाजींच्या जुन्या ट्रॅक्टरने. त्या ट्रॅक्टरला जोर मागच्या दोनच चाकांचा! पण चाक पुरुषभर उंच, त्यावर हातभर लांबीचे तिरपे दात, आणि चालवणारा दाजींचा हात.

पण पाहुण्यांवर हसताना माझं लक्ष दुसरीकडे गेलं. त्याच चिखलातून वस्तीवरच्या तीन पोरी चपला हातात आणि दप्तरं डोक्यावर घेऊन शाळेला निघाल्या होत्या. त्यांच्या तक्त्यात पोटाची उंची किती लिहायची? शेतरस्त्यांसाठी 2021 साली सरकारने मातोश्रींच्या नावाने पाणंद रस्ते योजना काढली. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, शेजाऱ्याशी बांधाचं भांडण मिटवावं लागतं, हेलपाटे घालावे लागतात. त्यापेक्षा शोरूम सोपं. माझं भांडण गाडीशी नाहीच. खड्ड्यावर उपाय म्हणून उंच गाडी घेणाऱ्याशी आहे. ज्याचा आवाज कचेरीत ऐकला गेला असता, तोच काच वर करून निघून जातो. आणि पाणंद राहते त्या पोरींना.

“बरं, हौस म्हणून माळावर तरी घालता येईल,” भाचा पुटपुटला.

मग मात्र माझा पारा चढला. कडबनवाडीचा माळ म्हणजे मोकळी जागा वाटली काय? तिथे चिंकारा आहे, लांडगा आहे. चंडोल आणि धाविक तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंडी मातीच्याच रंगाची, गाडीतून दिसायची नाहीत. आपल्या ओसरीवर कोणी लो गिअर टाकून चढलं तर आपण त्याला साहसी खेळ म्हणू का?

भाचा बराच वेळ पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसला. “म्हंजे सही न्हाई?”

“आहे की. पण आधी तुझी.” मी पाणंदीचा अर्ज लिहूनच ठेवला होता. “वस्तीवरच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या आण. पलीकडच्या बांधवाल्या चुलत्याचीसुद्धा.”

“त्यो? तीन वर्सं बोलत न्हाई आमच्याशी!”

“मग तेवढा चढ चढून दाखव. त्याला म्हणतात फोर बाय फोर.”

गेला. पंधरा दिवस झाले. काल ताईचा फोन आला. अकरा सह्या झाल्यात, चुलत्याची राहिली आहे; पण दोघं परवा बांधावर समोरासमोर बसून चहा प्यायले म्हणे. अंतर अजून आहे, पण एका पेराचंच असावं. मी पेन शाई भरून तयार ठेवलं आहे. पेढे मात्र संपले.