सिमेंट नाक्यावरचे, नळ मॉलमधला!
बांधकाम साहित्याच्या बाजारात मोठी दालने आली. तरी खडी-वाळूचा व्यापार स्थानिक पुरवठादाराकडेच का राहिला?

सदनिकेचे नूतनीकरण असो वा गावाकडच्या जागेवर बांधायचे छोटे घर, गवंड्याशी बोलणी पक्की झाली की पहिला प्रश्न साहित्याचा येतो. एकीकडे नाक्यावरचे ‘बिल्डिंग मटेरियल सप्लायर्स’: दारात खडीचा ढीग, आत सिमेंटच्या गोण्यांची थप्पी आणि गल्ल्यावर उधारीची वही. दुसरीकडे महामार्गालगतचे वातानुकूलित दालन. तेथे प्रत्येक नळावर किमतीची चिठ्ठी असते, मांडून ठेवलेली न्हाणीघरे पाहता येतात आणि संगणकावरचे पक्के बिल मिळते. यांपैकी स्वस्त कोण, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. त्याचे उत्तर मात्र वस्तूगणिक बदलते, आणि ते न ओळखल्याचा भुर्दंड ग्राहकाला पडतो.

अमेरिकेचा धडा

मोठ्या दालनांची ही कल्पना मूळची अमेरिकेतील. १९७९ मध्ये अटलांटा शहरात ‘होम डेपो’ची पहिली दुकाने उघडली. लाकूड, रंग, खिळे, नळ, हत्यारे असे सारे एका छताखाली, घाऊक खरेदीमुळे कमी भावात, असे हे गणित होते. अमेरिकेत मजुरी महाग. त्यामुळे भिंत रंगवणे, फरशी बसवणे ही कामे घरमालक स्वतःच करतो. हा ग्राहक दालनाकडे वळला आणि गावोगावच्या अनेक जुन्या लाकूड वखारींना टाळे लागले. आज या कंपनीची अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत मिळून दोन हजार तीनशेहून अधिक दुकाने आहेत.

मात्र, याच कंपनीने २०२४ मध्ये ‘एसआरएस’ ही वितरण कंपनी सुमारे १८.२५ अब्ज डॉलरला विकत घेतली. छपराचे साहित्य थेट कामाच्या जागेवर पोहोचवणे आणि ठेकेदारांना उधारीवर माल देणे, हा एसआरएसचा मुख्य धंदा. थोडक्यात, मोठ्या दालनाला ठेकेदार हवा होता आणि ठेकेदाराला हवा होता तो जुन्या पुरवठादाराचाच रिवाज. दालनाने तो रिवाज विकत घेतला.

चीनमधील अनुभव तर आणखी बोलका. होम डेपोने २००६ मध्ये तेथील बारा दुकानांची साखळी ताब्यात घेतली आणि २०१२ च्या सप्टेंबरमध्ये उरलेली सातही मोठी दुकाने बंद केली. तेथे मजुरी स्वस्त होती. घरमालकाला स्वतः करवत हाती घ्यायची नव्हती, तर कारागिराकडून काम करून घ्यायचे होते. हीच परिस्थिती पुण्या-मुंबईतही आहे. येथे साहित्याची यादी बहुतांशी गवंडी, प्लंबर किंवा सुतार करतो. ग्राहक पैसे मोजतो.

भारतात दालने आली, पण कुठवर?

फ्युचर समूहाने २००७ मध्ये ‘होम टाऊन’ची सुरुवात केली, तेव्हा घराला लागणारे सर्व काही एका ठिकाणी देण्याची भाषा होती. कालांतराने ही साखळी मुख्यत्वे फर्निचर आणि गृहोपयोगी वस्तूंची म्हणून ओळखली जाऊ लागली. ‘आयकिया’ने २०१८ मध्ये हैदराबादेत आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भे येथे दालन उघडले, परंतु तेथे स्वयंपाकघराची कपाटे मिळतात, सिमेंटची गोणी नाही.

यामागे धोरणाचाही भाग आहे. एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत २०१२ पासून शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला वाट मिळाली. अनेक ब्रँड एकत्र विकणाऱ्या दुकानांसाठी मात्र त्याच वर्षी ५१ टक्क्यांची मर्यादा, किमान दहा कोटी डॉलरची गुंतवणूक, ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून आणि राज्यांची संमती अशा अटी घातल्या गेल्या. होम डेपोसारखे दुकान या दुसऱ्या गटात मोडते.

पण धोरणापेक्षाही मोठे कारण आहे ते वजनाचे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट वाळू सुमारे साडेचार टन भरते. विटा, खडी, वाळू, मुरूम या वस्तू किमतीने हलक्या आणि वजनाने जड. त्यांच्या भावात वाहतुकीचा वाटा एवढा मोठा असतो, की दूरच्या गोदामातून केलेल्या घाऊक खरेदीचा फायदा वाटेतच संपतो. खाणीपासून जवळ असलेला, स्वतःचा टेम्पो असलेला पुरवठादार येथे आपसूकच स्वस्त पडतो.

त्यातच शहराची रचना. पेठेतल्या अरुंद बोळात गाडी कोठवर जाते, अवजड वाहनांना कोणत्या वेळी बंदी असते, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गोण्या चढवणारे हमाल कोठे मिळतात, हे स्थानिक दुकानदाराला पाठ असते. दुपारी चार वाजता गिलाव्याचे सिमेंट कमी पडले, तर दोन गोण्या अर्ध्या तासात येतात. गवंडी आणि बिगारी यांचा अर्धा दिवस वाया गेला तर त्याची किंमत गोणीमागे वाचलेल्या दहा रुपयांपेक्षा कितीतरी जास्त असते. हा हिशेब कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

सिमेंटचा भाव दुकानात ठरत नाही

‘मोठे दुकान आले की सिमेंट स्वस्त होईल,’ ही अपेक्षाही फारशी खरी नाही. सिमेंटचा भाव उत्पादक कंपन्यांच्या पातळीवर ठरतो. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये संगनमताच्या आरोपावरून सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. हा वाद पुढे अपिलात गेला. त्यानंतर उद्योगाचे केंद्रीकरण वाढलेच. २०२२ मध्ये अंबुजा आणि एसीसी अदानी समूहाकडे गेल्या, तर अल्ट्राटेकने २०२४ मध्ये इंडिया सिमेंट्सचे नियंत्रण मिळवले. विक्रेता लहान असो वा मोठा, त्याच्या हातात कपात करण्याजोगे थोडेच उरते.

करकपातीचा परिणाम त्याहून ठळक असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी तीनशे रुपये भाव असलेली गोणी पूर्वीच्या दराने ३८४ रुपयांना पडत होती, ती नव्या दराने ३५४ रुपयांना पडायला हवी. ही तीस रुपयांची घट बिलावर दिसते का, हे पाहण्यासाठी आधी बिल हवे. स्थानिक बाजाराचे दुखणे नेमके येथेच सुरू होते.

टक्केवारी आणि कच्चे बिल

ठेकेदार किंवा प्लंबर ज्या दुकानात गिऱ्हाईक घेऊन जातो, तेथून त्याला टक्केवारी मिळते, ही बाब बाजारात उघड गुपित आहे. रंगाऱ्यांसाठी डब्यात टोकन ठेवण्याची पद्धत तर कंपन्यांनीच रुळवली. हा खर्च शेवटी मालाच्या भावात मिसळतो. ‘अमुकच कंपनीचा नळ चांगला’ हा सल्ला अनुभवाचा की टक्केवारीचा, हे ग्राहकाला कळत नाही. दालनातील चिठ्ठीवरची किंमत सर्वांना सारखी असल्याने तेथे तुलना तरी करता येते. नळ, दिवे, फरशा, सिंक अशा डोळ्यांनी पारखून घ्यायच्या वस्तूंत मोठी दालने वरचढ ठरतात ती यामुळेच.

दुसरे दुखणे कच्च्या बिलाचे. पन्नास हजारांच्या नळ-साहित्यावर १८ टक्के दराने नऊ हजार रुपये कर होतो. ‘बिल नको असेल तर तेवढे कमी,’ हा प्रस्ताव मोहात पाडणारा असतो. मात्र, भिंतीतला जोड वर्षभरात गळू लागला, तर कंपनीकडे हमी मागताना वा ग्राहक आयोगाकडे दाद मागताना खरेदीचा पुरावाच हाती राहत नाही. भिंत फोडून पुन्हा बांधण्याचा खर्च त्या नऊ हजारांना सहज गिळतो. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

वहीमागचा माणूस

उधारी हे स्थानिक पुरवठादाराचे बळ आणि तीच त्याची दुखरी नस. लहान ठेकेदाराकडे भांडवल नसते. तो माल आधी उचलतो आणि घरमालकाचा हप्ता आला की पैसे देतो. म्हणजे शहरातील कित्येक लहान बांधकामांना प्रत्यक्षात वित्तपुरवठा करतो तो नाक्यावरचा दुकानदार. घरमालकाचा हप्ता रखडला की फटका त्याला बसतो. २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना लघुउद्योगांच्या यादीत पुन्हा स्थान मिळाले. परंतु ते केवळ अग्रक्रमाच्या कर्जापुरते. थकीत देणी ४५ दिवसांत वसूल करण्याचे जे संरक्षण लघुउत्पादकांना आहे, ते या व्यापाऱ्यांना नाही.

खरे आव्हानही आता दालनांकडून राहिलेले नाही. २०१६ मध्ये स्थापन झालेली ठाण्याची ‘इन्फ्रा डॉट मार्केट’, बिर्ला समूहाने २०२३ मध्ये आणलेले ‘बिर्ला पिव्हट’ यांसारखे ऑनलाइन मंच मोठ्या बांधकाम व्यावसायिकांना थेट माल आणि त्यासोबत पतही देऊ लागले आहेत. मोठे गिऱ्हाईक तिकडे गेले, तर दुकानदाराकडे उरतील ती दोन-दोन गोण्यांची आणि बुडीत उधारीची खाती. तसे झाल्यास अर्ध्या तासात गोणी पोहोचवणारी ही व्यवस्था टिकणे अवघड होईल.

ग्राहकाने काय करावे?

जड आणि तातडीच्या वस्तू जवळून, पारखून घ्यायच्या वस्तू दालनातून, हे सर्वसाधारण सूत्र म्हणता येईल. पण खरेदी कोठेही केली तरी तपासणी चुकत नाही. सिमेंट आणि सळया या दोन्हींवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुना माल टाळावा. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो भरते, म्हणजे बारा मीटरची एक सळई सुमारे १०.६५ किलो. मानकात थोडी तफावत मान्य आहे. त्याहून हलका माल परत करावा.

फरशीचा हिशेबही आधी मांडलेला बरा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला दोन बाय दोनच्या तीस फरश्या लागतात. कापणी आणि फूटतूट धरून तेहतीस. चारच्या पेटीप्रमाणे नऊ पेट्या घ्याव्या लागतात. एकाच बॅचच्या असल्याची खात्री करावी, कारण नंतर आणलेल्या पेटीची छटा जुळेलच असे नाही. न उघडलेली पेटी परत घेतली जाईल का, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे.

स्थानिक पुरवठादाराने पक्के बिल आणि सर्वांना एक भाव एवढ्या दोन गोष्टी पाळल्या, तर मोठ्या दालनाचे निम्मे आकर्षण संपेल. ते त्याच्याच हातात आहे. आणि बिल मागणे हे ग्राहकाच्या.